पगार ३५ हजार सांगितला, हातात तीन महिन्यांत तीन वेगळे आकडे

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला, गाव तासगाव. १ डिसेंबर २०२५ पासून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागलोय. लेटरवर वर्षाला ४,२०,००० लिहिलंय, म्हणून घरी महिन्याला ३५ हजार सांगून मोकळा झालो. आता आई दर महिन्याला विचारते, बाकीचे कुठं जातात रे? मलाच कळेना, तिला काय सांगू.

स्लिप अशी आहे. बेसिक १७,५००, एचआरए (घरभाडे भत्ता) ७,०००, स्पेशल अलाउन्स ७,३५८, एकूण ३१,८५८. म्हणजे सुरुवातच ३५ पासून नाही. त्यातून पीएफ १,८००, पीटी २००, कँटीन ६५०. जानेवारीत हातात २९,२०८ आले. डिसेंबरात मात्र २९,१८३ आले होते, कारण एमएलडब्ल्यूएफ नावाने २५ रुपये गेले. आणि आत्ता फेब्रुवारीची स्लिप आली तर पीटी २०० चा ३०० झालाय, हातात २९,१०८. एचआरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, सिस्टीमच तसं घेते.

माझ्याबरोबरच लागलेली डिप्लोमावाली एक मुलगी आहे. तिला एकूण २३ हजार आहेत आणि तिचा पीटी कापतच नाहीत. हे कसं काय?

आणखी दोन गोष्टी. माझे मामा विमा एजंट आहेत. ३१ मार्चच्या आत वर्षाला २४ हजारांची पॉलिसी घे, टॅक्स वाचेल, म्हणून रोज फोन करतायत. आणि या नोकरीआधी जून ते नोव्हेंबर मी पुण्यात एका छोट्या डिझाइन ऑफिसात कॅडचं काम करत होतो. महिना १८ हजार ठरले होते, बँकेत १६,२०० यायचे. विचारलं की म्हणायचे, टॅक्स कापलाय. ते पैसे गेले का?

---

टाइमऑफिस_भोसरी

तासगावकर, मी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो, आता रिटायर. पगाराच्या दिवशी खिडकीशी जी भांडणं व्हायची त्यातली अर्धी तुझ्या या प्रश्नावरच. तेव्हा सावकाश वाच.

आधी ३५ चे ३१,८५८ कसे झाले ते. लेटरवर जो आकडा असतो तो तुझा पगार नसतो, तुझ्यावर कंपनीचा होणारा सगळा खर्च असतो. त्याच लेटरच्या मागच्या पानावर एक तक्ता असणार, तो काढ. माझ्या अंदाजाने त्यात कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम, ८४२ असेल. उरलेले ५०० ग्रुप मेडिक्लेमचे असावेत. बेरीज ३,१४२. पस्तीसमधून वजा कर, बरोबर ३१,८५८ येतात. ग्रॅच्युइटीचा आकडा मी हवेतून काढला नाही, बेसिकच्या ४.८१ टक्के धरायची रीतच आहे. आणि बेसिक बरोबर निम्मं ठेवलंय तेही उगाच नाही. २१ नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात वेतन म्हणून धरायचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याखाली नेता येत नाही. पूर्वी बेसिक तीस टक्के आणि बाकी सगळे अलाउन्स, असे तक्ते मी स्वतःच्या हाताने केलेत.

आता पीटी. हा व्यवसाय कर, राज्य सरकारचा. इन्कम टॅक्सशी याचा काही संबंध नाही. दहा हजारांच्या वर पगार असला की महिन्याला २००, आणि फेब्रुवारीत ३००. सिस्टीम घेते म्हणणाऱ्या मॅडमना सांग, सिस्टीमला राज्यघटनेने सांगितलंय. कलम २७६ म्हणतं की हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० च्या वर घेता येणार नाही. दोनशेने बारा महिने म्हणजे २,४००. उरलेले शंभर सरकार सोडेल काय? ते फेब्रुवारीत घेतात. १९८८ च्या आधी हीच मर्यादा २५० रुपये होती.

तू तासगावचा म्हणून आणखी एक सांगतो. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली आणला तो रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि बांध घालायला आली होती, त्यांना काम द्यायचं तर निधी हवा. ती योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे तुझ्याच सांगली जिल्ह्यातले, आणि १९६५ मध्ये पहिला प्रयोग झाला तो तुझ्याच तालुक्यात. आईला सांगायला हे बरं पडेल. तुमच्या भागातल्या जुन्या माणसांनी हमीच्या कामाचे दिवस पाहिलेत.

त्या मुलीचं सोपं आहे. एप्रिल २०२३ पासून बायकांना महिन्याला २५ हजारांपर्यंत हा कर माफ आहे. तिचा पगार त्याच्या वर गेला की तिचाही कापतील.

आणि ते २५ रुपये. महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा. तुझे २५, कंपनी ७५ घालते. २०२४ च्या आधी आमचे १२ जायचे. या मंडळाची कामगार कल्याण केंद्रं असतात, तिथे वाचनालय असतं, शिवणवर्ग असतात, कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. मंडळाची नाट्यस्पर्धाही असते. आमच्या कारखान्याने त्यात तीन अंकी बसवलं होतं आणि मला पोस्टमनचं काम होतं, दोन वाक्यं. बारा रुपयांत तेवढं वसूल झालं.

टॅक्स आणि पुण्याच्या ऑफिसचं मी बोलत नाही, इथे माझ्याहून जाणती पोरं आहेत. कँटीनचे ६५० मात्र कायद्याने नाहीत, जेवत नसशील तर लिहून दे आणि बंद कर.

---

आर्टिकलशिप_चालू

काकांनी राज्याचं सांगितलं, मी केंद्राचं घेते. सीएची आर्टिकलशिप करतेय, मार्चमध्ये आमच्या ऑफिसात याच प्रश्नांची रांग असते.

मामांच्या पॉलिसीपासून सुरू करते, कारण त्याला तारीख आहे. तुझा टॅक्स शून्य आहे. वाचवायला काही नाहीच. २०२५-२६ मध्ये नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. चार ते आठवर ५ टक्के, आठ ते बारावर १० टक्के असे पुढचे टप्पे आहेत, पण बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कलम ८७ए ची सूट मिळून तोही कर शून्यावर येतो. पगारदाराला त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावट, म्हणून १२,७५,००० हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तुझं या वर्षीचं बघ: चार महिन्यांचा पगार १,२७,४३२ आणि पुण्याचे १,०८,०००. मिळून अडीच लाखसुद्धा होत नाहीत. पुढच्या पूर्ण वर्षाचं धरलं तरी ३,८२,२९६.

शिवाय तू काहीच निवडलं नसशील तर नवीच पद्धत धरली जाते, आणि तिच्यात विम्याच्या हप्त्याची ८०सी वजावट मिळतच नाही. एचआरएची सूटही नाही. घरभाड्याची पावती मागत फिरू नकोस. जुन्या पद्धतीत गेलास तरी या वर्षी कर शून्यच.

विमा नको असं मी म्हणत नाहीये. घरात तुझ्यावर कोणी अवलंबून असेल तर साधा टर्म विमा घे, पण तो मेलो तर काय म्हणून. पगार हातात २९ हजार आणि त्यातून महिन्याला दोन हजार रुपये पुढची वीस वर्षं बांधायचे, हा निर्णय ३१ मार्चच्या घाईत करू नकोस.

पुण्याचे पैसे गेले नाहीत. ते मिळवता येतील. तुझा करार कन्सल्टंटचा असणार. तुला त्यांनी नोकर धरलंच नाही, बाहेरचा व्यावसायिक धरलं आणि फीवर कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला. १८ हजारांवर १,८००, सहा महिन्यांचे १०,८००. म्हणूनच तिथे पीएफ नव्हता, रजा नव्हती, स्लिपही नव्हती ना? तुझ्यावर कर निघत नसल्याने रिटर्न भरलास की हे सगळे परत येतात. तसं चार लाखांच्या आत उत्पन्न असलं की रिटर्न भरण्याची सक्ती नसते, पण न भरता रिफंड मिळत नाही.

आज रात्री एक काम कर. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन करून फॉर्म २६एएस उघड, त्यात तुझ्या पॅनवर जमा झालेला कर दिसतो, आणि त्या ऑफिसच्या नावापुढे किती रक्कम दिसते ते इथे सांग.

---

बी_शिफ्ट_रांजणगाव

मी मशीन शॉपला, २०११ पासून. टॅक्सचं मला विचारू नका. एक विचारतो भाऊ, लेटरवर हुद्दा काय लिहिलाय? ट्रेनी, अप्रेंटिस, एफटीसी (मुदतीचा करार) का पर्मनंट? आमच्याकडं एकाच लाईनवर चारी जातीची माणसं उभी असतात, काम तेच, स्लिप वेगळी. अप्रेंटिसला तर पीएफच नसतो, स्टायपेंड असतो. तुझा पीएफ कापतायत म्हणजे तू अप्रेंटिस नाहीस एवढं नक्की.

पीएफ कापला म्हणून भरला असं समजू नको. पासबुक बघ. पगाराच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. डिसेंबर आणि जानेवारीच्या नोंदी आत्ता दिसायला पाहिजेत. ठेकेदाराकडं होतो तेव्हा आमच्या स्लिपवर पीएफ होता आणि पासबुकात नव्हता, पोरं वर्षभर तशीच राहिली.

आणि पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला १,२५० दिसतात का बघ, माझे दिसतात.

---

बेदाणा_तासगाव

सगळ्यांना धन्यवाद. काका, मागच्या पानावर तक्ता आहे आणि तिन्ही आकडे तुम्ही म्हणालात तेच आहेत, रुपयाचा फरक नाही! आईला पागेसाहेबांचं सांगितलं. आजीला हमीच्या कामाची मजुरी आणि मुकादमाचं नावसुद्धा पाठ आहे.

भाऊ, लेटरवर तीन वर्षांचा मुदतीचा करार लिहिलाय. पासबुक बघितलं. डिसेंबर, जानेवारी दोन्ही आहेत. माझे १,८००, कंपनीचे १,८००, पण पेन्शनमध्ये शून्य. हा घोळ आहे का?

ताई, २६एएस मध्ये एकूण ७,२०० दिसतात. जून ते सप्टेंबर आहे. ऑक्टोबर, नोव्हेंबर नाही.

आणि मामांना काय सांगू ते कळेना.

---

आर्टिकलशिप_चालू

पेन्शन शून्य आहे ते बरोबर आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच ज्याचं बेसिक व डीए (महागाई भत्ता) मिळून १५ हजारांच्या वर आहे, त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. तुझं बेसिक १७,५००. म्हणून कंपनीचे सगळे १,८०० तुझ्या पीएफमध्येच जमा होतात. रांजणगावच्या दादांचं खातं २०११ चं, त्यामुळे त्यांच्या कंपनीच्या वाट्यातला ८.३३ टक्के भाग पेन्शनला जातो, १५ हजारांवर तो १,२५० होतो. उलट तुझ्या पासबुकात १,२५० दिसले असते तर घोळ होता, आणि तो पुढे पैसे काढताना बाहेर आला असता.

१,८०० हा आकडाही तिथूनच आलाय, १५ हजारांचे १२ टक्के. पूर्ण बेसिकवर कापला असता तर २,१०० गेले असते. तुझ्या नावावर महिन्याला ३,६०० साठतायत आणि २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. पाच वर्षांच्या आत नोकरी सोडून काढू नकोस. रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर त्यावरही टीडीएस लागतो. दुसरीकडे लागलास तर तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) दे आणि खातं तिकडे वळव. नवा यूएएन काढू देऊ नकोस.

मुदतीच्या कराराचं काका सांगतील. मी टीडीएसचं बोलते. कापणाऱ्याने तिमाहीचं विवरणपत्र भरलं की ती रक्कम तुझ्या २६एएस मध्ये येते. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचं होतं. त्यांनी एकतर भरलं नाही किंवा तुझा पॅन चुकवला. ३,६०० चा प्रश्न आहे. उशिराला त्यांना दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं, हे त्यांच्या हिशेबनीसाला माहीत असतं, त्यामुळे लेखी विचारलंस की सहसा हलतात. कराराची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेव.

रिटर्न घाईने एप्रिलमध्ये भरू नकोस. कंपनीकडून फॉर्म १६ मिळायची मुदत १५ जून असते, मार्चपर्यंतच्या नोंदीही तोवर पोर्टलवर येतात. तुझ्यासाठी रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म चालणार नाही, पगाराबरोबर व्यावसायिक फी आहे. साधारण आयटीआर-४ लागेल, त्यात कलम ४४एडीए खाली फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट कर आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय कर. हे राहिलं तर भरलेला रिटर्न भरला नाही असंच धरतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय म्हणून गोंधळू नकोस, तुझं हे वर्ष जुन्याच कायद्यात बसतं.

---

टाइमऑफिस_भोसरी

मुदतीचा करार असेल तर ग्रॅच्युइटीकडे लक्ष ठेव. पर्मनंट माणसाला पाच वर्षं लागतात. मुदतीच्या करारावरच्याला नव्या संहितेने एक वर्षाच्या सेवेवर हक्क दिलाय. हिशेब असा: शेवटचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. तुझं बेसिक वाढलंच नाही असं धरलं तरी तीन वर्षांचे ३०,२८८ होतात. आणि तुझ्या लेटरमधून ते महिन्याला ८४२ धरतायत, छत्तीस महिन्यांचे ३०,३१२. म्हणजे पैसे तुझ्याच पॅकेजातून बाजूला काढलेत, करार संपल्यावर मागायला लाजू नकोस. पाच वर्षं झाली नाहीत असं कोणी म्हणालं तर लेटर पुढे कर.

आता नावाचं. दहावीच्या मार्कशीटवर आपल्याकडे आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव असतं किंवा नसतं. पीएफला नाव आधारप्रमाणेच लागतं. माझ्या वेळी या एका कारणाने माणसं निवृत्तीनंतर आकुर्डीच्या पीएफ कार्यालयाच्या चकरा मारायची. तुझं पोर्टलवरचं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आजच ताडून बघ, आता दुरुस्ती सोपी आहे. तिथेच ई-नॉमिनेशन भर. आत्ता आई-वडिलांचं नाव टाक. लग्न झालं की हे नामांकन आपोआप रद्द होतं, तेव्हा हळद उतरल्यावर पुन्हा भरायचं. हसू नकोस, पीएफबरोबर सात लाखांपर्यंतचा विमाही असतो, कंपनी भरते, तुझ्या स्लिपवर दिसत नाही. तो कोणाला जायचा ते या एका पानावर ठरतं.

मामांना हेच सांग. म्हणावं, मामा, टॅक्स शून्य आहे, ऑफिसात विचारलं. विमा घ्यायचा झाला तर तुमच्याकडेच घेईन, टर्मचा, दिवाळीनंतर. मामा भाच्यावर एवढ्याने रुसत नाही, आणि रुसलाच तर आईला मध्ये घाल.

पुण्याच्या ऑफिसला मेल तू लिहिणार आणि चार दिवस विचार करत बसणार, म्हणून मीच लिहून देतो. नाव, पॅन घाल आणि पाठव:

"सप्रेम नमस्कार. मी जून ते नोव्हेंबर २०२५ या काळात आपल्याकडे काम केले. माझ्या फीतून दरमहा १,८०० रुपये टीडीएस कापला गेला. फॉर्म २६एएस मध्ये सप्टेंबरपर्यंतचे ७,२०० रुपये दिसतात, ऑक्टोबर व नोव्हेंबरचे ३,६०० रुपये दिसत नाहीत. कृपया तिसऱ्या तिमाहीचे विवरणपत्र भरले आहे का आणि त्यात माझा पॅन बरोबर आहे का, हे तपासून दुरुस्ती करावी, तसेच तिन्ही तिमाहींचे फॉर्म १६ए पाठवावेत. माझा पॅन खाली देत आहे. कराराची प्रत सोबत जोडली आहे."

साहेबांना पाठव आणि त्यांच्या हिशेबनीसाला प्रत ठेव. उत्तर तोच देतो.

---

बेदाणा_तासगाव

पाठवला काका. हिशेबनीसाचा लगेच फोन आला, पॅनचं एक अक्षर चुकलं होतं म्हणे. दुरुस्तीचं विवरणपत्र याच आठवड्यात भरतो म्हणाले.

---

आर्टिकलशिप_चालू

तोंडी नको, मेलवर लिहून घे. आणि दहा-बारा दिवसांनी २६एएस परत उघडून बघ.